चुलीपुरते मासे

नाशिकच्या माणसाने समुद्रातल्या मासेमारीवर लिहावे, हे ऐकून कुणालाही हसू येईल. आमच्याकडे गोदावरी आहे, गंगापूरचे धरण आहे, द्राक्षे आहेत, कांदा आहे. समुद्र मात्र नाही. तरीही लिहायला बसलो आहोत. कारण डहाणूच्या किनाऱ्यावर एका बोटभर माशाच्या निमित्ताने आमच्या अकरा वर्षांच्या मुलीने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हाला लगेच देता आले नाही. जे उत्तर पुढे सापडले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे, एवढाच हेतू.

मासे धरण्याचा नाद आम्हाला आजोबांकडून लागला. निफाड तालुक्यात गोदाकाठी आमचे गाव. गावच्या घाटावर आपल्या माणसांना उतरू देत नसत. आपला पाणवठा वेगळा, घाटापासून पार खाली, जिथे गावाचे धुणे, जनावरांचे पाणी सगळे वाहत येई. त्याच डोहावर आजोबा संध्याकाळी गळ टाकून बसत. काठी बोरूची, दोरी सुताची, आमिष गांडुळाचे. घरात खाणारी तोंडे नऊ. मासे मिळाले तर कोरड्यास होई, नाही मिळाले तर मिरची-भाकर. आजोबांची एक सवय आम्हाला लहानपणी फार विचित्र वाटे. मासे चांगले लागत असले, तरी पुरेसे झाले की ते दोरी गुंडाळत. आम्ही म्हणायचो, ‘‘आजा, अजून लागत्यात ना!’’ ते म्हणत, ‘‘चुलीपुरतं झालं पोरा. आता बास.’’ त्या वेळी वाटे, म्हातारा कंटाळला.

पुढे आम्ही शिकलो, बी. कॉम. झालो, शहरात कारकुनी पत्करली. दिवसभर आवक-जावकीच्या नोंदी, संध्याकाळी विहाराचे काम, रविवारी मुलांचा संस्कार वर्ग. आजोबांचा गळ कुठे गेला कुणास ठाऊक. नाद मात्र मनात राहिला होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात डहाणूकडचे एक सहकारी बदलून आले. ते मांगेला समाजाचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पोट असलेले. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की त्यांच्या डब्यातली सुकट आणि आमच्या डब्यातली बोंबलाची चटणी यांची ओळख झाली आणि मग माणसांचीही झाली. ‘‘एकदा घरी या, वहिनींना आणि मुलांनाही आणा,’’ असे ते सारखे म्हणत. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही, आमच्या आयुष्यमती, मुलगी आणि धाकटा मुलगा असे चौघे निघालो. एस.टी.ने त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरलो. कासा, चारोटीवरून डहाणू गाठेपर्यंत निम्मा दिवस गेला. धाकट्याला दोनदा उलटी झाली, पण समुद्र दिसताच तो सगळे विसरला.

नाशिक आणि डहाणू यांचे नाते मात्र आजचे नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यात, म्हणजे ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात तिथे, दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. भिक्खू संघासाठी हे लेणे कोरवून घेणाऱ्या या माणसाने काही नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या, असे त्या लेखात कोरले आहे. त्या नद्यांत दमणा आहे, तापी आहे आणि डाहणुका आहे. ही डाहणुका म्हणजेच डहाणूची खाडी. संस्कार वर्गाच्या मुलांना घेऊन आम्ही कितीतरी वेळा त्या लेण्यात गेलो असू. आपल्याच शहरातल्या दगडावर जिचे नाव कोरले आहे, ती खाडी आम्ही वयाच्या चाळिशीनंतर पाहिली. खाडीच्या काठी उभे राहून मुलीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे पप्पा, तेव्हा इथे सगळ्यांना नावेत बसू द्यायचे?’’ आम्हाला आजोबांचा पाणवठा आठवला. १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर नाशिकचा काळाराम सत्याग्रह उभा राहिला. त्याच शहरात रामकुंडाच्या पाण्यालाही आपल्या माणसाचा स्पर्श चालत नव्हता. महाडला १९२७ साली तळ्याच्या पाण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. समुद्राला मात्र कुणी घाट बांधून पाटी लावू शकले नाही.

सहकाऱ्यांचे वडील, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, आता होडीवर जात नाहीत. गुडघे दुखतात. पण घरचे कोरड्यास अजून स्वतः आणतात, तेही गरीने. आपण ज्याला गळ म्हणतो त्याला तिकडे गरी म्हणतात. काकांची सामग्री पाहून आम्ही थक्क झालो. ना महागडी काठी, ना चकचकीत रीळ. एका लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला पातळ तंगूस, त्याच्या टोकाशी सुपारीएवढे शिसे, शिशापासून वीतभर अंतरावर एक बारीक गरी, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. आमिष म्हणजे कोळंबीचा नखाएवढा तुकडा, नाहीतर वाळू उकरून काढलेला किडा. सगळे मिळून खिशात मावेल.

‘‘याने काय मिळणार, काका?’’ आम्ही विचारले.

‘‘लेप,’’ काका म्हणाले. ‘‘लहान तोंडाला लहान गरी.’’

लेप हा मासा आपल्यापैकी अनेकांनी मासळी बाजारात पाहिला असेल. गोव्याकडे त्याला लेपो म्हणतात. आकार जिभेसारखा, चपटा, अंगाभोवती झालर लावावी तसे पर, वरची बाजू मातकट आणि खालची पांढरी. तो तळाच्या वाळूत नाहीतर मऊ चिखलात आडवा पडून राहतो आणि अंगावर वाळू ओढून घेतो. बाहेर दिसतात ते फक्त दोन डोळे. दोन्ही डोळे एकाच बाजूला, डावीकडे. तळाचे किडे, बारीक कोळंबीसारखे जीव हे त्याचे खाणे. म्हणून त्याला धरायचे तर आमिष तळालाच हवे. आपल्या गोदावरीत आम्ही गळ तरंगता ठेवत असू. इथे शिसे वाळूवर टेकवायचे, हातभर दोरी हळू ओढायची, थांबायचे, पुन्हा ओढायची. वाळूतून काही सरपटते आहे असे लेपाला वाटले पाहिजे. तो ओढत नाही, नुसता टोचल्यासारखे करतो. तेव्हा हिसका द्यायचा नाही. तोंड लहान असते, त्याला घास घेऊ द्यायचा.

काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली. भरती लागायच्या सुमारास गुडघाभर पाण्यात जायचे, पण पाऊल उचलून टाकायचे नाही, वाळूवरून घासत न्यायचे. वाळूत पाकट लपलेली असते. तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते आणि माणूस दिवसभर विव्हळतो. पाय घासत गेले की ती आधीच निघून जाते. ‘‘तिला कळू द्यायचं की आपण येतोय,’’ काका म्हणाले, ‘‘मग ती पण वाट देते.’’

मुलीला त्या दोन डोळ्यांचे फार नवल वाटले. तिने विचारले, ‘‘हा जन्मतःच असा वाकडा असतो का?’’ नाही. हा मासा अंड्यातून निघतो तेव्हा इतर माशांसारखाच उभा पोहतो, एक डोळा इकडे, एक तिकडे. वाढताना एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा कुशीवर पडून राहू लागतो. हे निसर्गात टप्प्याटप्प्याने कसे घडले असेल, असा आक्षेप मायवार्ट नावाच्या विद्वानाने १८७१ साली डार्विनवर घेतला होता. अर्धा सरकलेला डोळा काय कामाचा, असे त्याचे म्हणणे. डार्विनने १८७२ च्या आपल्या आवृत्तीत त्याला उत्तर दिले. पण पुरावा मिळाला तो २००८ साली. मॅट फ्रीडमन या संशोधकाने सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या माशांचे दगडात उमटलेले अवशेष तपासले. त्यांत डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर होता. कुणी देवाने एका दिवसात घडवलेले हे रूप नाही. सगळे बदलत आले आहे, बदलत जाणार आहे. आपल्या धम्मात यालाच अनित्य म्हणतात.

आम्ही मुलीला एवढेच सांगितले, ‘‘बाळा, लेप उभा जन्मतो आणि पुढे आडवा होतो. आपल्या समाजाला लोकांनी आडवे पाडले होते, तो बाबासाहेबांमुळे उभा राहिला.’’ स्वतःच्या या वाक्यावर आम्ही बरेच खूश झालो होतो. माणूस असा खूश झाला की पुढे घसरतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकटेच गरी घेऊन पाण्यात उतरलो. काका घरी होते. पहिला लेप वीतभर लागला, दुसराही बरा होता. मग बारीक लागू लागले. बोटभर, त्याहून लहान. दर दोन-तीन मिनिटांनी तंगुसाला टकटक होई आणि हाताला एक झिणझिणी येई. आजोबांच्या डोहावरचे सगळे बालपण जणू हातात आले होते. आम्ही काढत गेलो. दोन तासांत चौदा झाले. सगळे वाळूवर एका ओळीत मांडले आणि मोबाइलवर फोटो काढून कार्यालयातल्या मित्रांना पाठवला. मोठे दोन पिशवीत टाकले. बाकीच्यांत साफ करून कढईत टाकावे असे काहीच नव्हते. बारा लेप वाळूवर तसेच राहिले. काही अजून पर हलवत होते. एक कावळा आला, मग चार आले.

मुलगी मागे उभी होती. ती कधी आली आम्हाला कळलेच नाही.

‘‘पप्पा, हे खायचे नव्हते तर काढले कशाला?’’

‘‘अगं, लागले म्हणून काढले.’’

‘‘मग रविवारी तुम्ही आम्हाला पहिलं शील शिकवता, ते कोणासाठी?’’

वाचकहो, खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. आम्ही तिला म्हणालो, ‘‘काल रात्री सुरमई खाताना शील आठवलं नाही का? मोठ्यांना शिकवू नकोस.’’ तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती खाली बसली आणि जे मासे हलत होते ते ओंजळीत घेऊन पाण्याकडे पळाली. तीन की चार वाचले असतील. बाकीचे गेलेच.

दुपारी जेवणात ती दोन लेप काकूंनी तळून वाढले. कातडी डोक्याकडून सोलून काढलेली, रवा लावलेला, कुरकुरीत. मुलीने खाल्ले नाही. आम्हालाही घास गोड लागला नाही. काकांना धाकट्याकडून सगळे कळले होते. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. ओट्यावर बसून ते एवढेच म्हणाले, ‘‘भाऊ, बारीक लेप काढला तर पुढच्या वर्षी मोठा कुठून येणार? आम्ही मच्छी मारतो, पण मच्छीशी खेळत नाही.’’

मग ते बराच वेळ दर्याविषयी बोलत राहिले. काठाजवळचा उथळ तळ हा बारीक मच्छीचा पाळणा असतो. मोठ्या यांत्रिक बोटींची जाळी तळ खरवडत जातात तेव्हा त्यात बारीकसारीक सगळे येते आणि ज्याला भाव नाही ते फेकले जाते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरू नये म्हणून. आणि आता त्यांच्याच किनाऱ्यावर वाढवण बंदर होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली. मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला, मोर्चे काढले. ‘‘भराव पडला की तळ गेला. तळ गेला की लेप गेला,’’ काका म्हणाले. पाणी हातातून जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी वेगळे सांगायला नको. आम्ही ऐकत होतो आणि मनात लाजत होतो. हा माणूस एका गरीने घर चालवून तळ जपतो आणि आम्ही दोन तासांत बारा पिल्ले कावळ्यांना घातली.

नाशिकला परतल्यावर आम्ही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुन्हा काढला. अहिंसेवरचा भाग पूर्वी कितीदा तरी वाचला होता, पण स्वतःवर वेळ आल्याशिवाय वाचलेले कळत नाही. बाबासाहेब तिथे सांगतात की बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. गरज म्हणून जीव घ्यावा लागणे वेगळे आणि जीव घेण्याची इच्छा असणे वेगळे. हा फरक ओळखून माणसाने स्वतःच्या विवेकाने वागायचे आहे. नियम पाळणे सोपे असते, तत्त्व पाळताना डोके जागे ठेवावे लागते.

आपल्यात दोन टोकांची माणसे आहेत. एक म्हणतात, बौद्ध झालात तर मासे-मटण बंद करा. त्यांना हे माहीत असावे की देवदत्ताने भिक्खूंना मासे आणि मांस वर्ज्य करावे अशी मागणी केली होती आणि बुद्धाने ती सक्तीचा नियम म्हणून मान्य केली नव्हती. दुसरे म्हणतात, बुद्धाने बंदी घातली नाही ना, मग काहीही करा. आम्ही त्या दिवशी या दुसऱ्यांत जाऊन बसलो होतो. त्रिपिटकातल्या उदान या ग्रंथात एक लहानशी गोष्ट आहे. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या वाटेवर काही मुले माशांना त्रास देत होती. बुद्ध तिथे थांबले आणि त्यांनी मुलांना विचारले की तुम्हाला दुःखाची भीती वाटते का, दुःख नकोसे वाटते का? मुले हो म्हणाली. मग उघडपणे किंवा लपून कुणाचे वाईट करू नका, असे त्यांनी समजावले. ते रागावले नाहीत. मुलांच्याच मनातले त्यांना दाखवले. आमच्या बाबतीत गोष्ट उलटी झाली होती. तिथे मुले मासे छळत होती आणि मोठा माणूस विचारत होता. इथे मोठा माणूस छळत होता आणि मूल विचारत होते.

आणि आजोबा? त्यांनी ना उदान वाचले होते, ना अहिंसेवर प्रवचन ऐकले होते. अक्षरओळखही नव्हती. पण नऊ तोंडांचे कोरड्यास झाले की ते दोरी गुंडाळत. घाटावर ज्याला कुणी उतरू देत नव्हते, त्या माणसाने डोहावर कधी सूड उगवला नाही. गरज आणि हाव यांच्यामधली रेघ त्यांना माहीत होती. आम्हाला पदवी मिळाली, पण ती रेघ दिसत नव्हती.

आम्ही मुलीची माफी मागितली. बापाने मुलीची माफी मागण्याची आपल्याकडे पद्धत नाही. शब्द घशात अडकत होते. ‘‘तू बरोबर होतीस, मी चुकलो,’’ एवढे बोललो. ती म्हणाली, ‘‘मग आता मासे धरणार नाही ना?’’

इथे आम्ही विचार करून उत्तर दिले, कारण खोटे बोलणे हेही शील मोडणेच. आम्ही म्हणालो, ‘‘धरीन. पण खायला लागतील तेवढेच. आणि मोजायचे काम तुझे.’’

गेल्या थंडीत आम्ही पुन्हा डहाणूला गेलो. या वेळी गरी थोडी मोठी घेतली, म्हणजे पिल्लांच्या तोंडात जाणार नाही, आणि तिचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला, म्हणजे चुकून लहान लागलेच तर तोंड न फाटता सुटेल. लहान मासा सोडायचा तर कोरड्या हाताने धरायचा नाही, हात ओले करायचे आणि पाण्याच्या वर फार वेळ ठेवायचा नाही. मुलगी काठावर बोटे मोजत उभी होती. माणसे सात, काका-काकूंसकट. तिने हिशेब केला, सात मोठे लेप.

तास दीड तास गेला. लहान तीन लागले ते सोडले. एक सोडताना तिनेच ओंजळीत धरला. तळाला लागताच त्याने अंगाला एक हेलकावा दिला, वाळू उडाली आणि बसली. मासा तिथेच होता, पण दिसेना. मग निरखून पाहिल्यावर तिला दोन बारीक डोळे दिसले. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. सातवा लेप पिशवीत पडला तेव्हा भरती जोरात होती. नेमके तेव्हाच मासे चांगले लागत होते. तंगुसाला पुन्हा टकटक झाली. हात शिवशिवला, हे कबूल करतो.

मुलगी ओरडली, ‘‘पप्पा, सात झाले!’’

आम्ही दोरी गुंडाळली.

आता संस्कार वर्गात पहिले शील शिकवताना आम्ही ही हकीकत मुलांना सांगतो, आपली चूक न लपवता. मुले हसतात, मग गप्प होतात, मग प्रश्न विचारतात. एकाने विचारले, ‘‘सर, पतंगाच्या मांज्यात पक्षी अडकतो ते पण यातच येते का?’’ आम्ही म्हणालो, ‘‘तूच सांग.’’ त्या संक्रांतीला आमच्या वस्तीतल्या मुलांनी नायलॉन मांजा घेतला नाही. मोठी गोष्ट नव्हे ही, पण झाली.

वाचकहो, घरात लेकरू प्रश्न विचारत असेल तर त्याला गप्प बसवू नका. शील नुसते विहारात म्हणायचे नसते, ते कुणीतरी आपल्याला आठवून द्यावे लागते. आमच्या घरी ते काम अकरा वर्षांच्या मुलीने केले.

जयभीम!